एफ-१ व्हिसा, ग्रीन कार्डचा अर्ज आणि परदेशप्रवास : नियमांची पार्श्वभूमी

अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर शिकणाऱ्या किंवा ओपीटीवर (विद्यार्थ्याला शिक्षणाशी निगडित कामाची तात्पुरती मुभा) काम करणाऱ्या माणसाने ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू केली, की देशाबाहेर जाऊन यायचे कसे हा प्रश्न लगेच उभा राहतो. चार जणांना विचारले तर कुणी म्हणते, 'खुशाल जा', कुणी म्हणते, 'पाऊलही बाहेर टाकू नकोस', तर कुणी म्हणते, 'ॲडव्हान्स परोल (परत आत येऊ देण्याची आगाऊ परवानगी) हातात आल्यावर जा'. सगळेच आपापल्या जागी बरोबर असतात. फरक पडतो तो तुमच्या कागदपत्रांचा टप्पा कोणता यावर. हे नियम एकत्र बसून एकदाच लिहिलेले नाहीत. ते सत्तर-पंचाहत्तर वर्षांत थरावर थर चढत तयार झाले आहेत, आणि त्यातला विद्यार्थ्यांचा थर मूळचाच जवळपास तसाच राहिला आहे.

१९२४ च्या इमिग्रेशन कायद्यात विद्यार्थ्याला 'कोट्याबाहेरचा इमिग्रंट' या गटात टाकले होते. वय किमान १५, शाळा मान्यताप्राप्त आणि येण्याचा हेतू केवळ शिक्षणाचा, अशा अटी होत्या. भारतीयांना स्थायिक होण्यासाठी तेव्हा दार बंदच होते. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने ते उघडले, तेही वर्षाला १०० जणांपुरते.

आजचे चित्र तयार झाले ते १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमुळे. या कायद्याने विद्यार्थ्याला इमिग्रंटांच्या रांगेतून काढून 'नॉन-इमिग्रंट' केले आणि त्याच्या व्याख्येतच एक अट घातली: मायदेशी त्याचे घर असले पाहिजे आणि ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नसला पाहिजे. जोडीला आले कलम २१४(बी). त्यानुसार व्हिसा मागणारा प्रत्येक जण इमिग्रंटच आहे असे आधी धरायचे, आणि तसे नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यायचे. आज कॉन्सुलेटच्या खिडकीवरून परत पाठवताना हातात जो कागद देतात, त्यावर बहुतेक वेळा हेच कलम छापलेले असते.

याच कायद्यात कलम २४५ सुद्धा आहे. अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड घेण्याची, म्हणजे 'ॲडजस्टमेंट ऑफ स्टेटस'ची सोय त्यातून आली. त्याआधी १९३५ पासून एक वळसा होता: कॅनडात जायचे, तिथल्या अमेरिकी कॉन्सुलेटमधून इमिग्रंट व्हिसा घ्यायचा आणि परत यायचे. कलम २४५ ने तो वळसा वाचवला, पण १९५२ च्या मूळ मजकुरात एक जबर अट होती. ॲडजस्टमेंटचा अर्ज केला, की त्याच क्षणी तुमचा नॉन-इमिग्रंट दर्जा संपायचा. अर्ज फेटाळला गेला तर परतायला जुना दर्जाच उरत नसे. १९५८ च्या दुरुस्तीने ही अट काढली. म्हणजे एकाच कायद्याने विद्यार्थ्याकडून 'मी परत जाणार' हे वदवून घेतले आणि राहण्याचा रस्ताही त्यालाच आखून दिला. देशात बसून असेपर्यंत या दोन गोष्टींची टक्कर सहसा होत नाही. ती होते प्रवासात, कारण व्हिसा मागताना आणि विमानतळावर उतरताना हेतूची तपासणी पुन्हा पहिल्यापासून होते.

१९६५ च्या हार्ट-सेलर कायद्याने राष्ट्रनिहाय जुने कोटे गेले आणि भारतीय विद्यार्थ्यांसाठी कलम २४५ खऱ्या अर्थाने उपयोगाचे झाले. १९७५ मध्ये बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने 'मॅटर ऑफ होसेनपूर' या प्रकरणात मान्य केले, की पुढेमागे कायदेशीर संधी मिळाली तर इथे राहावे अशी इच्छा असणे आणि आजचा तात्पुरता दर्जा प्रामाणिकपणे पाळणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. विद्यार्थ्यांच्या बाजूने आजही हा निकाल पुढे केला जातो. तो उपयोगी आहे, पण कॉन्सुलेटच्या खिडकीवर कुणी निकालपत्र वाचत बसत नाही. तिथे दोन-तीन मिनिटांत अधिकाऱ्याचे मत बनते आणि त्यावर अपील नाही.

१९९० च्या इमिग्रेशन ॲक्टने ही ओढाताण सोडवली, पण फक्त काही जणांसाठी. एच-१बी (कुशल नोकरीचा व्हिसा) आणि एल-१ (कंपनीतल्या कंपनीत बदली होऊन येणाऱ्यांचा व्हिसा) यांना 'ड्युअल इंटेंट' मिळाला. तात्पुरते काम आणि स्थायिक होण्याची इच्छा एकाच वेळी असायला त्यांना हरकत राहिली नाही, २१४(बी) मधूनही त्यांना वगळले. एफ-१ ला ही सवलत दिली नाही. याच कायद्याने रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला सुमारे १,४०,००० ठेवली आणि कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात जन्मलेल्यांची लांबच लांब रांग याच ७ टक्क्यांतून तयार झाली. रांग लांबली म्हणजे अर्ज प्रलंबित असण्याचा काळ लांबला, आणि तितकाच प्रवासाचा धोकाही.

पुढचा टप्पा १९९९ चा. नियम असा आहे, की आय-४८५ (ॲडजस्टमेंटचा अर्ज) प्रलंबित असताना ॲडव्हान्स परोल न घेता देश सोडला, तर तो अर्ज तुम्ही सोडून दिला असे मानले जाते. १ जुलै १९९९ पासून एच-१बी आणि एल-१ वाल्यांना यातून सूट मिळाली. वैध व्हिसावर, त्याच दर्जात ते परत आले तर त्यांचा अर्ज जिवंत राहतो. एफ-१ इथेही बाहेरच राहिला. सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज नेमका याच जागी आहे. एच-१बी वरचा मित्र आय-४८५ प्रलंबित असताना आरामात जाऊन येतो, ते पाहून एफ-१ वाला म्हणतो, 'माझाही व्हिसा अजून दोन वर्षे वैध आहे.' व्हिसाचा शिक्का फक्त दारापर्यंत आणतो, अर्ज वाचवणे त्याच्या हातात नाही. एफ-१ वाला परोलशिवाय बाहेर पडला, की आय-४८५ गेला. आणि दारात, 'ग्रीन कार्डचा अर्ज केला होतास ना?' असे विचारून विद्यार्थी म्हणून आत घ्यायला नकार मिळू शकतो, तो वेगळाच.

किती वेळासाठी बाहेर गेलात याला महत्त्व नाही. नायगाराला अमेरिकेच्या बाजूने धबधबा पाहिला तर काही बिघडत नाही, पण रेनबो ब्रिज ओलांडून कॅनडाच्या बाजूला तासभर फिरून आलात तरी तो देश सोडणेच ठरतो. मुदत संपलेल्या व्हिसावरही कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत जाऊन येण्याची 'ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन'ची सवलत एफ-१ ला आहे, पण ती फक्त प्रवेशापुरती. आय-४८५ ला तिचे संरक्षण नाही. शिवाय एप्रिल २००२ पासून, त्या दौऱ्यात नव्या व्हिसासाठी अर्ज केला तर ही सवलत मिळत नाही. हवाई किंवा प्वेर्तो रिकोला जाणे मात्र देशांतर्गत प्रवासच आहे.

आय-४८५ गेला तरी आय-१४० (कंपनीने किंवा स्वतः केलेली पिटिशन) आणि प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा ठरवणारी तारीख) त्यासोबत जात नाहीत. तारीख आल्यावर मायदेशातल्या कॉन्सुलेटमधून इमिग्रंट व्हिसा घेता येतो. हा दिलासा खरा आहे, पण भारतीयांच्या रांगेत तो वर्षांनी मोजावा लागतो.

परोलचा अधिकार १९५२ च्याच कायद्यातला, कलम २१२(डी)(५). परोलने आत आलेला माणूस कायद्याच्या भाषेत 'ॲडमिट' झालेला नसतो, त्याला केवळ आत येऊ दिलेले असते. ॲडव्हान्स परोल म्हणजे असे आत येऊ देण्याबद्दल निघण्याआधी घेतलेला कागद. तो आय-१३१ भरून मागायचा. जुलै २००७ मध्ये व्हिसा बुलेटिनने (रांग कोणत्या तारखेपर्यंत सरकली हे सांगणाऱ्या सरकारी मासिक पत्रकाने) जवळजवळ सगळ्या रोजगार-श्रेणी एकदम खुल्या केल्या, मग त्या मागे घेतल्या, आणि गदारोळानंतर १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. त्या लाटेत भारतीयांचे आय-४८५ ढिगाने दाखल झाले, आणि ॲडव्हान्स परोल हा घरोघरी माहीत असलेला कागद झाला. ३० जुलै २००७ च्या नव्या शुल्करचनेत परोल आणि ईएडी (कामाचा परवाना) यांचे पैसे आय-४८५ च्या शुल्कातच धरले होते, त्यामुळे लोक डोळे झाकून तिन्ही फॉर्म एकत्र पाठवायचे. १ एप्रिल २०२४ पासून हिशोब वेगळा झाला: आय-४८५ चे १,४४० डॉलर, त्यावर आय-१३१ चे ६३० आणि ईएडीचे २६०. तेव्हापासून बरेच विद्यार्थी ६३० डॉलर वाचवायला परोल टाळतात. हा चुकीच्या जागी केलेला काटकसरीचा विचार आहे. घरून अचानक फोन आला तर आय-१३१ नव्याने भरून महिनोन्महिने थांबावे लागते. आणीबाणीचा परोल यूएससीआयएसच्या (हे अर्ज निकाली काढणाऱ्या इमिग्रेशन खात्याच्या) स्थानिक कार्यालयात मागता येतो, पण त्यासाठी डॉक्टरांचे पत्र, फोटो, भरलेला आय-१३१ आणि शुल्क घेऊन अपॉइंटमेंट मिळवावी लागते, आणि मंजुरीची खात्री नसते.

ज्यांचा दर्जा मध्येच तुटला होता, त्यांच्यासाठी एक मोठी भीती २०१२ मध्ये कमी झाली. १९९६ च्या कायद्याने १८० दिवसांहून जास्त बेकायदा वास्तव्य करून देश सोडणाऱ्यावर ३ वर्षांची, आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त असेल तर १० वर्षांची बंदी घातली होती. 'मॅटर ऑफ अराबली अँड येराबेली' या भारतीय दांपत्याच्या प्रकरणात बोर्डाने ठरवले, की ॲडव्हान्स परोलवर केलेला प्रवास १० वर्षांच्या बंदीसाठी 'देश सोडणे' धरायचा नाही.

आता आय-१४० चा टप्पा. डिसेंबर २०१६ मधल्या 'मॅटर ऑफ धनसर' निकालाने नॅशनल इंटरेस्ट वेव्हरचे (राष्ट्रहितासाठी नोकरी देणाऱ्या कंपनीची अट माफ करण्याचे) निकष बदलले आणि पीएचडी करणाऱ्यांना कंपनीविना स्वतःच पिटिशन करणे आवाक्यात आले. त्यामुळे एक नवाच गट तयार झाला: आय-१४० मंजूर, तारीख यायला अवकाश, दर्जा एफ-१, आणि व्हिसाचा शिक्का संपलेला. यांच्या हातून सोडून देण्यासारखा आय-४८५ नसतो, त्यामुळे बाहेर जायला तांत्रिक अडचण नाही. खरी परीक्षा नव्या स्टॅम्पिंगची, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घेण्याची. डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) मध्ये सरळ प्रश्न आहे: तुमच्यासाठी कुणी यूएससीआयएसकडे इमिग्रंट पिटिशन दाखल केली आहे का? उत्तर 'हो' असेल तर 'हो'च लिहायचे. २१४(बी) चा नकार आला तर पुन्हा अर्ज करता येतो. जाणूनबुजून खोटे लिहिल्याचे ठरले तर कलम २१२(ए)(६)(सी) ची कायमची बंदी मागे लागते. अधिकाऱ्यांसमोर ही माहिती बहुधा आधीच असते.

यातले धोरणही हेलकावे खात आले आहे. २०१७ मध्ये परराष्ट्र खात्याने आपल्या हस्तपुस्तिकेतली विद्यार्थ्यांच्या हेतूकडे सैलपणे पाहण्याची भाषा आवळली, आणि त्याच वर्षी ९० दिवसांचा नियम आणला. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत व्हिसाच्या हेतूशी विसंगत वागणूक दिसली, तर प्रवेशाच्या वेळी खोटे सांगितले असे गृहीत धरायला आधार मिळतो. म्हणून विद्यार्थी म्हणून परत आल्या आल्या आय-४८५ दाखल करणे टाळावे. २०२१ च्या अखेरीस ती सैल भाषा परत आली. डिसेंबर २०२३ मध्ये यूएससीआयएसने आपल्या पॉलिसी मॅन्युअलमध्ये लिहिले, की लेबर सर्टिफिकेशन (ग्रीन कार्डासाठी कंपनीने कामगार खात्याकडून घ्यायचा दाखला) किंवा इमिग्रंट पिटिशन असली तरी विद्यार्थी परत जाण्याचा इरादा दाखवू शकतो. चांगले झाले, पण ते पुस्तक यूएससीआयएसचे. व्हिसा देणारे खाते वेगळे आणि विमानतळावर शिक्का मारणारे तिसरेच.

सप्टेंबर २०२५ मध्ये अजून दोन वाटा अरुंद झाल्या. व्हिसासाठी शक्यतो स्वतःच्या देशात किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा अशी सूचना आली, आणि मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेकांसाठी बंद झाली. कॅनडात पटकन स्टॅम्पिंग उरकून येण्याची जुनी युक्ती भारतीय विद्यार्थ्याला त्यामुळे उपयोगी पडत नाही. त्याच महिन्यात नव्या एच-१बी पिटिशनवर १,००,००० डॉलरची अट लागली. देशात राहून एफ-१ वरून एच-१बी वर जाणाऱ्याला ती लागू नाही, पण बदल मंजूर होण्याआधीच तो बाहेर गेला तर ती रक्कम अंगावर येऊ शकते. एच-१बी च्या आधाराने पुढे ग्रीन कार्ड गाठायचे असेल, तर त्या काळात तिकीट काढूच नये.

परोलवर परतणाऱ्याने एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी. परत आल्यावर तो एफ-१ राहत नाही. आय-९४ (प्रवेशाची सरकारी नोंद) वर वर्ग 'डीए' दिसतो. शिक्षण चालू ठेवता येते, पण एफ-१ वर आधारलेली ओपीटीची नोकरी त्या क्षणापासून धोक्यात येते. काम करायचे तर आय-४८५ वर आधारलेले, सी०९ वर्गाचे ईएडी हातात हवे. ते नसेल तर सुट्टीवरून परत येऊन घरी बसायची वेळ येते. आणि आय-४८५ नामंजूर झाला, तर एच-१बी वाल्याला परतायला जुना दर्जा असतो तसा याला उरत नाही. म्हणून निघण्याआधी परोलची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे आहे ना, बायोमेट्रिक्सची तारीख प्रवासात येत नाही ना, आणि टपाल पाहणारे कुणी मागे आहे ना, एवढे तपासावे. बायोमेट्रिक्स चुकली किंवा पुरावे मागणाऱ्या पत्राला वेळेत उत्तर गेले नाही, तर अर्ज त्याच कारणाने बंद होतो. परोलचा मूळ कागद, आय-४८५ ची पावती आणि पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवावेत. पुष्कळ विमानतळांवर परोलवाल्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवतात, तेव्हा पुढच्या विमानासाठी किमान तीन-चार तासांचे अंतर ठेवावे. आत आल्यावर त्याच आठवड्यात आय-९४ उतरवून घ्यावे आणि विद्यापीठातल्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावे, म्हणजे सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली) नोंद योग्य कारणाने बंद होते.