काकांची वही आणि पोराची वही

मृगाचा पाऊस झाला की लातूरकडच्या कार्यालयांत खुर्च्या रिकाम्या दिसू लागतात. फाईल टेबलावर, माणूस गावी सोयाबीन पेरायला. आमच्याकडचा एक तरुण कारकून जाताना शेजारच्या टेबलाला एवढंच म्हणाला, "काका, दोन दिवस माझं आवक-जावक बघा की. पेरणी उरकली की आलोच."

काकांनी बघितलं. दोनाचे चार दिवस झाले, तेही बघितले. दिवाळीच्या तोंडावर काकांना रजा हवी होती, तेव्हा हा म्हणाला, "माझ्याकडंच लई पेंडिंग आहे, काका." काका काही बोलले नाहीत, पण चहाला एकटेच जायला लागले.

पोरगा कृतघ्न होता असं मला वाटत नाही. त्याच्या आठवणीत ते चार दिवस खरोखरच आक्रसले होते. फ्रान्सिस फ्लिन या संशोधकानं नोकरीतल्या अशाच मदतीचा अभ्यास २००३ साली मांडला. मदत झाल्या झाल्या घेणाऱ्याला ती मोठी वाटते आणि करणारा 'त्यात काय एवढं' म्हणतो. दिवस जातात तसं हे उलटतं. घेणाऱ्याच्या लेखी मदत लहान होत जाते, करणाऱ्याच्या लेखी मोठी. लग्नातल्या आहेराची वही निदान एकच असते, कुणी किती दिले ते शाईत लिहिलेलं. ऑफिसातल्या उपकाराच्या वह्या दोन, आणि त्या कधी जुळत नाहीत.

त्यात लबाडी नसते. रॉस आणि सिकोली यांनी १९७९ साली नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं की घरातल्या कामात तुमचा वाटा किती. दोघांचे आकडे मिळवले तर बेरीज बहुतेक वेळा पूर्णाच्या वर गेली. आपण उपसलेले कष्ट चटकन आठवतात, दुसऱ्याचे आपण पाहिलेलेच नसतात. काकांनी संध्याकाळी सातपर्यंत बसून नोंदी घातल्या, तेव्हा पोरगा तिफणीमागं होता.

गावाकडं याची तोड फार पूर्वी निघाली आहे, ती म्हणजे सावड. एक बैल तुझा, एक माझा; आज तुझं रान, उद्या माझं. पेरणी संपते तोवर फेडही झालेली असते. मोल घटायला-वाढायला मध्ये दिवसच राहत नाहीत.

मग प्रत्येक मदत लगेच फेडावी का? तसंही नाही. क्लार्क आणि मिल्स यांच्या १९७९ च्या प्रयोगांत असं दिसलं की निव्वळ देवाणघेवाणीच्या नात्यात तत्काळ परतफेड करणारा माणूस आवडतो; पण जिथं जवळीक हवी असते, तिथं तीच परतफेड खटकते. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, सहकाऱ्यानं शेतात बोलावून भज्जी-आंबील वाढली आणि तुम्ही उठता उठता "पुढच्या रविवारी आमच्याकडं, म्हणजे फिटलं" म्हणालात, तर त्याचं तोंड कसं होईल? ऑफिसातलं नातं या दोन्हींच्या मधलं. येळवसचं जेवण मैत्रीतलं, आवक-जावक सावडीतलं. भांडणं होतात ती एकाला दुसऱ्याच्या मापानं मोजल्यामुळं.

उपकाराचं ओझं केवढं असतं ते डेनिस रीगन यांच्या १९७१ च्या प्रयोगात दिसतं. सोबतचा माणूस मध्येच बाहेर जाऊन न मागता शीतपेयाची बाटली घेऊन यायचा आणि नंतर लॉटरीची तिकिटं विकायला काढायचा. बाटली घेणाऱ्यांनी, न मिळालेल्यांच्या जवळपास दुप्पट तिकिटं घेतली. तो माणूस त्यांना आवडला की नाही, यानं फारसा फरक पडला नाही. फुकटचा चहा स्वस्त नसतो, तो असा.

म्हणूनच "मी अकराला येतो, तेवढी हजेरी लावून ठेवा" ही विनंती मला वेगळ्या जातीची वाटते. आवक-जावक बघताना काका स्वतःची संध्याकाळ देतात. खोटी हजेरी लावताना मात्र ते देतात ते त्यांचं नसतंच. खिडकीशी एसटीनं येऊन ताटकळलेल्या शेतकऱ्याचं ते असतं. अशी उसनवारी कुणी कुणाच्या नावावर मांडायची?

यंदा पुन्हा मृग बरसला. पोरगा पुन्हा काकांच्या टेबलाशी उभा. काका चष्मा वर करून म्हणाले, "बघतो. पण पोळ्याला दोन दिवस माझं तू बघायचं. तो पेन घे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिही."

त्यानं लिहिलं. काका दोन कप चहा सांगायला उठले.