बेळगावच्या मराठी मजकुराची संगणकीय वाट : फॉन्ट, युनिकोड आणि कॉपीराइट

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा या बेळगावभोवतालच्या गावांत भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनांच्या जुन्या स्मरणिका संगणकावर आणाव्यात, हा विषय आमच्या भागातील संगणकप्रेमी मंडळींच्या बोलण्यात आता वारंवार येतो. बरा स्कॅनर आणि रविवारचे चार तास एवढ्यावर काम होईल, असे सुरुवातीला प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात ते दोन ठिकाणी अडते. जुन्या फायलींतील अक्षरे आजच्या संगणकाला वाचता येत नाहीत, आणि वाचता आली तरी तो मजकूर लोकांपुढे ठेवण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर पटकन मिळत नाही. या दोन्ही अडचणींची मुळे १९८३ ते १९९४ या एकाच तपात आहेत, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. त्यामुळेच आमच्याकडे १९२५चा छापील अंक सहज वाचता येतो आणि १९९७ची संगणकावर जुळवलेली फाइल मात्र वाचता येत नाही.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या अक्षरठशांच्या छपाईच्या काळात हा प्रश्न नव्हता. बेळगावात मराठी छपाईची आणि वाचनालयांची परंपरा जुनी आहे. बाबूराव ठाकूर यांनी ‘तरुण भारत’ १९१९ साली येथेच सुरू केला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९२९ साली शिवराम महादेव परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरले, आणि ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असलेल्या १९४६च्या बेळगाव संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या काळचे जे काही छापले गेले, ते जुळाऱ्याने खिळा खिळा लावून छापले. कागद टिकला, तर मजकूर टिकला. तो वाचायला डोळ्यांखेरीज दुसरे साधन लागत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. या घटनेच्या राजकीय बाजूवर भरपूर लिहिले गेले आहे. येथे तिचा एक दुर्लक्षित परिणाम तेवढा सांगायचा आहे. पुढे संगणक आले तेव्हा कर्नाटक सरकारचे लक्ष साहजिकच कन्नडवर राहिले आणि त्यातून ‘नुडी’सारखी कन्नड टंकनाची प्रणाली उभी राहिली. महाराष्ट्र सरकारची मराठीविषयक धोरणे राज्याच्या हद्दीपर्यंतच पोहोचत होती. सीमाभागातील मराठीचे संगणकीकरण त्यामुळे जवळजवळ पूर्णपणे खासगी डीटीपी केंद्रांच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवून देणाऱ्यांच्या हाती राहिले. त्या केंद्रांनी फार मोठे काम केले, असे माझे स्पष्ट मत आहे. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, स्मरणिका, कवितासंग्रह हे सारे त्यांनीच जुळवले. पण कोणत्या प्रणालीत जुळवायचे हे बाजाराने ठरवले, आणि तेथेच पुढच्या अडचणीचे बी पडले.

बाजाराच्या आधी प्रयोगशाळेत मात्र वेगळाच विचार झाला होता. कानपूरच्या आयआयटीत १९८३च्या सुमारास देवनागरी टर्मिनल तयार झाले आणि त्यातून संगणकावर भारतीय लिप्या वापरण्याचे ‘जिस्ट’ हे तंत्र आकाराला आले. १९८६ साली इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरला, १९८८ साली पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली, आणि १९९१ साली इस्की ही संकेतप्रणाली, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. या सगळ्यामागची मूळ कल्पना अशी होती की ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांची वर्णमाला सारखीच आहे. तेव्हा ‘क’ कोणत्याही लिपीत लिहिला तरी त्याचा संकेत एकच असावा आणि तो कोणत्या लिपीत दाखवायचा हे नंतर ठरवावे. म्हणजे देवनागरीत टंकलेले गावाचे नाव त्याच संकेतांवरून कन्नड लिपीत दाखवता येत असे. दुकानाच्या पाट्यांपासून सातबाऱ्यापर्यंत रोज दोन लिप्यांशी गाठ पडणाऱ्या बेळगावकराला या कल्पनेचे मोल दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

जगभरच्या लिप्यांसाठी असलेल्या युनिकोड या संकेतप्रणालीची पहिली आवृत्तीही १९९१ सालीच आली. तिने प्रत्येक लिपीला १२८ घरांचा, म्हणजे क्रमांकांचा, स्वतंत्र पट्टा दिला, पण पट्ट्यातील अक्षरांचा क्रम इस्कीच्या १९८८च्या मसुद्यावरून घेतला. म्हणून देवनागरी ‘ळ’चा क्रमांक २३५५ आहे, कन्नड ‘ळ’चा ३२५१ आहे, आणि दोहोंतले अंतर ८९६, म्हणजे बरोबर सात पट्ट्यांचे आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर तर हे अक्षर दोन्ही लिप्यांत एकाच कळीवर बसते. प्रमाण हिंदीच्या नेहमीच्या लेखनात नसलेले हे अक्षर बेळगावच्या नावातच आहे, मराठीतही आणि कन्नडमध्येही.

याहून मोठी गंमत ‘ऱ’ची आहे. देवनागरी पट्ट्यातील २३५३ क्रमांकाचे हे घर द्राविडी भाषांतील वेगळ्या ‘र’च्या लिप्यंतरासाठी ठेवलेले आहे. कन्नड पट्ट्यात त्याच जागी जे अक्षर आहे, ते जुन्या कन्नडमधले असून आजच्या लेखनातून ते गेले आहे. मराठीने मात्र तेच घर आपल्या ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’साठी वापरले. आपण ‘दऱ्या’ किंवा ‘तऱ्हा’ लिहितो तेव्हा संगणकाच्या दृष्टीने हळेगन्नडातील एका अक्षराच्या शेजाऱ्याला कामाला लावत असतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोल जागा, हा फरक एवढ्याशा खुणेवर उभा आहे.

हे सगळे कागदावर नीट होते. तरीही १९९० ते २००५ या काळातील डीटीपीचा मजकूर इस्कीतही जुळला नाही आणि युनिकोडमध्येही नाही. कारण पानांची मांडणी करणारी तेव्हाची सॉफ्टवेअरे इंग्रजीसाठी बनलेली होती. त्यांना एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे माहीत होती, आणि जोडाक्षरे स्वतः घडवण्याची क्षमता त्यांच्यात नव्हती. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्याच घरांत देवनागरीचे तुकडे बसवले: कोठे काना, कोठे अर्धा ‘श’, कोठे रफार. प्रत्येक कंपनीने ही वाटणी आपापल्या सोयीने केली. आकृती, श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम या तेव्हाच्या फॉन्टप्रणालींची वाटणी एकमेकींशी जुळत नव्हती. फॉन्ट काढून घेतला की पानावर उरतात ती रोमन अक्षरे, कंस आणि गणिती चिन्हे.

बेळगावच्या शहापूर भागातील एका जुन्या डीटीपी केंद्रातून मला एका संमेलनाच्या १९९७च्या स्मरणिकेच्या फायली मिळाल्या. छापील प्रती दोनच उरल्या होत्या आणि त्यांतील एकीला वाळवी लागली होती. फायली सीडीवर सुखरूप होत्या. मात्र ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या जुळवल्या, ते चालायला संगणकाच्या प्रिंटर पोर्टला लावायचे एक लॉक लागत असे, काडेपेटीएवढे. ते लॉक केव्हाच हरवले होते, आणि असते तरी ते लावायला तसे पोर्ट आजच्या संगणकाला नाही. साधा मजकूर म्हणून फाइल उघडली, तेव्हा पहिल्याच ओळीत ‘मराठी’ या शब्दाच्या जागी एक अवतरणचिन्ह, दोन-तीन रोमन अक्षरे आणि एक ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह एवढेच होते.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा म्हणजे नुसती चिन्हांची अदलाबदल पुरत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणून ‘किती’मधील ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी येते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे ‘क’च्या नंतर येते. ‘कर्म’ या शब्दात जुनी पद्धत आधी ‘म’ आणि मग त्याच्या डोक्यावरचा रफार ठेवते. युनिकोड आधी ‘र’ ठेवतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या आज्ञावलीला, म्हणजे परिवर्तकाला, प्रत्येक शब्दात ही हलवाहलव करावी लागते. माझ्या फायलीत खानापूर तालुक्यातील जंगलांवर एक सुंदर लेख होता. परिवर्तनानंतर त्यातील ‘दऱ्याखोऱ्यांत’ या शब्दाचे ‘दर्याखोर्यांत’ झाले, आणि ते एकदा नव्हे, तर लेखभर.

विंडोज २०००मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांना युनिकोडचा आधार मिळाला आणि ‘मंगल’ हा फॉन्ट घरोघरी पोहोचला. ‘ॲ’ या मराठी अक्षराला स्वतंत्र घर मिळायला मात्र २००८ उजाडले. पुढे ‘लोहित’ आणि ‘मुक्त’सारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट आले, बेंगळुरूच्या सायबरस्केपने तर आपले काही आकृती फॉन्टही मुक्त परवान्याखाली खुले केले, आणि अक्षरांची अडचण नव्या लेखनापुरती संपली. जुन्या लेखनाच्या बाबतीत ती आहे तेथेच आहे.

आता हक्कांची बाजू. ब्रिटिश काळातील १९१४च्या कायद्यानंतर स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ साली झाला आणि जानेवारी १९५८मध्ये अमलात आला. त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे संरक्षण होते. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले. त्यांच्या साहित्याची मुदत १९९१च्या अखेरीस संपणार होती, म्हणून आधी वटहुकूम आणि मग १९९२ची दुरुस्ती करून मुदत ६० वर्षे करण्यात आली. निर्णय बंगालीतील साहित्याच्या निमित्ताने झाला, पण लागू सर्व भाषांना झाला. कवी भा. रा. तांबे १९४१ सालीच निवर्तले असल्याने त्यांची कविताही १९९२ऐवजी २००२च्या आरंभी खुली झाली. बेळगावशी नाते असलेल्या लेखकांचा हिशेब करून पाहावा, तर माडखोलकर १९७६ साली वारल्याने त्यांचे लेखन २०३७च्या आरंभी खुले होईल; बेळगाव जिल्ह्यात जन्मलेले जी. ए. कुलकर्णी १९८७ साली गेले, म्हणून त्यांच्या कथांसाठी २०४८ उजाडावे लागेल. आणि बेळगावातच आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या इंदिरा संत २००० साली गेल्यामुळे त्यांच्या कविता २०६१च्या आरंभी सर्वांच्या होतील.

१९८४च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीलाही याच कायद्यात ‘साहित्यकृती’ची जागा दिली. दहा वर्षांत कालबाह्य होणारे सॉफ्टवेअर आणि कवितासंग्रह यांना एकच मुदत लावणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. विक्री थांबली, तरी ती आज्ञावली कित्येक दशके संरक्षित राहते. अक्षरवळणाचा विचार निराळा झाला: २००२ साली एका टाइपफेसच्या नोंदणीच्या प्रकरणात कॉपीराइट मंडळाने त्याला कलाकृती म्हणून संरक्षण नाकारले. सॉफ्टवेअर कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचावासाठी प्रत काढण्याची मुभा १९९४च्या दुरुस्तीने दिली, आणि दोन आज्ञावलींचा मेळ घालण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवण्याची मुभा १९९९च्या दुरुस्तीने दिली. जुन्या फॉन्टमधील घरांची वाटणी शोधून परिवर्तक बनवणाऱ्यांना या दुसऱ्या तरतुदीचा आधार आहे.

स्मरणिकेच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज लेखांच्या मालकीविषयी आढळतो. संमेलनाच्या समितीने अंक काढला म्हणजे सगळे हक्क समितीचे, असे बहुतेक कार्यकर्ते धरून चालतात. समितीचा हक्क फार तर संकलनापुरता असतो. मानधनाशिवाय, आपुलकीने पाठवलेल्या लेखाचा कॉपीराइट लेखकाकडेच राहतो. हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर १९९४पासून ती पाच वर्षांचीच मानली जाते. वृत्तपत्रात नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुराचा हक्क वेगळा करार नसल्यास वृत्तपत्रातील प्रसिद्धीपुरता मालकाकडे जातो, पण तेच लेख पुस्तकरूपाने काढण्याचा हक्क लेखकाकडे राहतो. ग्रंथालयांना २०१२च्या दुरुस्तीने दिलासा दिला: ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत त्याला ठेवता येते. जतन करणे वेगळे आणि ती सर्वांसाठी इंटरनेटवर खुली करणे वेगळे, हे मात्र विसरून चालत नाही. लेखक हयात नसेल किंवा सापडतच नसेल, तर परवान्यासाठी अर्ज करण्याची वाटही त्याच दुरुस्तीने प्रकाशित साहित्यापर्यंत वाढवली.

सीमाभागात आणखी एक हक्क महत्त्वाचा आहे, तो भाषांतराचा. १९१४च्या कायद्यात भाषांतराचा एकाधिकार मूळ प्रकाशनापासून दहाच वर्षे टिकत असे. त्या अवधीत लेखकाने भाषांतर प्रसिद्ध केले नाही, तर इतरांना ते करता येई. १९५७च्या कायद्याने हा हक्क कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीइतका केला. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा घरात असलेल्या आमच्या भागात भाषांतर करू शकणारे हात पुष्कळ आहेत, पण आता त्यांना परवानगी मागावी लागते.

त्या १९९७च्या स्मरणिकेच्या लेखकांची यादी घेऊन मी गेल्या वर्षी पत्रे पाठवली. काहींचे पत्ते बदललेले होते, काही पत्रे परत आली. ‘दऱ्याखोऱ्यांत’ हा शब्द मी लेखभर हाताने दुरुस्त केला. तो लेख लिहिणारे गुरुजी आता नाहीत. त्यांचे चिरंजीव धारवाडला असतात. त्यांचे उत्तर पोस्टकार्डावर आले. लेख इंटरनेटवर ठेवायला त्यांची परवानगी आहे, आणि कोणी कन्नडमध्ये भाषांतर करणार असेल, तर प्रसिद्ध होण्यापूर्वी ते आपल्याला वाचायला पाठवावे, एवढेच त्यांनी मागितले आहे.