खाडीकाठची दुबई, बेताच्या पैशांत

दुबईच्या सहलीची चौकशी करायला आमच्या बेळगावच्या कार्यालयात आलेले लोक खुर्चीत टेकताच पहिला प्रश्न विचारतात, "आम्हाला परवडेल का हो?" विचारणारे निपाणीचे निवृत्त गुरुजी असोत, वडगावात माग चालवणारे असोत, नाहीतर लेकाकडे पहिल्यांदाच निघालेल्या खानापूरच्या मावशी असोत. आमचं उत्तर ठरलेलं आहे. परवडेल, फक्त दुबई कोणत्या टोकाकडून बघायची ते आधी ठरवा. बहुतेक पॅकेजं बुर्ज खलिफाच्या पायथ्याशी सुरू होतात आणि तिथल्याच मॉलमध्ये संपतात. आम्ही आमच्या ग्राहकांना खाडीच्या बाजूने पाठवतो. त्यासाठी हे पत्रक लिहिलं आहे. निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी वाचा आणि सोबत घ्या.

आधी खाडी

दुबईची खाडी म्हणजे गावात शिरलेला समुद्राचा फाटा. एका काठाला बर दुबई, दुसऱ्या काठाला देरा. दुबईला तेल सापडलं १९६६ साली. त्याआधीचं गाव या पाण्यावरच पोट भरत होतं. मोती काढायचे, माल आणायचा-न्यायचा. तिथले मोती मुंबईच्या बाजारात विकायला येत. १९३० च्या दशकात जपानच्या संवर्धित मोत्यांनी तो धंदा बसवला. पुढे खाडी गाळाने भरत चालली, तेव्हा दुबईचे शासक शेख रशीद यांनी कर्ज काढून ती खोल करून घेतली. मोठी गलबतं आत येऊ लागली आणि व्यापार वाढला. तेलाचा पैसा त्यानंतरचा. श्रीमंतीचं मूळ बघायचं असेल तर ते या काठावर आहे, आणि तिथे तिकीट नाही.

घरात आजोबा असतील तर त्यांना एक गोष्ट नक्की सांगा. १९६६ पर्यंत दुबईत रुपया चालत होता. १९५९ पासून तर आपली रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढत होती.

खाडी ओलांडायची ती अब्रातून. अब्रा म्हणजे लाकडी होडी. मधोमध लांब बाक, त्यावर पाठीला पाठ लावून वीसेक माणसं बसतात. कडेला कठडा नाही, म्हणून लहान मुलांचा हात धरून ठेवा. नावाडी मध्ये इंजिनापाशी असतो, त्याच्या हातात एक दिरहम द्यायचा, झालं. पाच-सात मिनिटांत पलीकडचा काठ. आमचं आग्रहाचं सांगणं आहे की पहिली फेरी सूर्य मावळताना करा. दोन्ही काठांच्या मशिदींतून अजान सुरू होते, पाणी तांबूस होतं, आणि शेजारी बसलेला केरळचा किंवा पेशावरचा माणूस कामावरून घरी निघालेला असतो. शे-दीडशे दिरहमच्या क्रूझवर जेवणाच्या रांगेत उभं राहून हे मिळत नाही.

बर दुबईच्या काठाला अल फहिदी ही जुनी वस्ती आहे. पोवळ्याच्या दगडाची आणि जिप्समच्या गिलाव्याची घरं, पर्शियातून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेली. बऱ्याच घरांच्या डोक्यावर चौकोनी मनोरा दिसेल. तो शोभेचा नाही. चारही बाजूंनी उघडा असलेला हा मनोरा वाहता वारा पकडतो आणि खाली खोलीत सोडतो. वीज नव्हती तेव्हाची ही व्यवस्था. बोळ मुद्दाम अरुंद ठेवले आहेत, भिंतींची सावली पडावी म्हणून. ज्यांनी आपल्याकडचे चौकाचे वाडे पाहिलेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. फिरायला पैसे नाहीत. सकाळी आठला जा, दहानंतर गर्दी होते.

देराच्या बाजूला मसाल्यांचा आणि सोन्याचा बाजार आहे. केशर, वाळलेली लिंबं, लोबान पोत्यांत उघडं मांडलेलं असतं. बेळगावच्या खडेबाजारात करता तसाच भाव इथेही करा, कुणी वाईट मानत नाही. तिथून काठाने चालत गेलात की मालवाहू लाकडी गलबतं लागतात. धक्क्यावर फ्रिज, टायर, तांदळाची पोती रचलेली असतात. हा माल इराणला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला जातो. आमच्या मते पूर्ण दुबईत बघण्यासारखं सगळ्यात जिवंत ठिकाण हेच.

सोन्याबद्दल स्पष्ट सांगतो. दागिने आणण्याची करमाफीची सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांना आहे. पाच दिवसांच्या पर्यटकाला ती लागू नाही. "बांगड्या हातात घालून ये, कुणी विचारत नाही" असं सांगणारे नातेवाईक विमानतळावर तुमच्यासोबत नसतात.

बर दुबईतलं जुनं शिवमंदिर २०२४ च्या सुरुवातीला जेबेल अलीच्या नव्या मंदिरात हलवलं आहे. जुनी माहिती वाचून बोळात शोधत फिरू नका.

खोली कुठे घ्यावी

इथे आमच्याकडून एकदा चूक झाली आहे. सुरुवातीच्या एका गटाला आम्ही शहराबाहेरच्या बाजूला खोल्या घेऊन दिल्या, कारण भाडं कमी होतं. मेट्रो जवळ नव्हती. मंडळींनी रोज टॅक्सीला इतके पैसे घातले की वाचलेलं भाडं दुसऱ्याच दिवशी संपलं. वर म्हाताऱ्या माणसांचे हाल झाले ते वेगळेच. त्यानंतर आम्ही बर दुबई, देरा आणि करामा सोडून बाहेर खोली देत नाही, आणि तीसुद्धा मेट्रोपासून सात-आठ मिनिटांच्या चालीवर. या भागातल्या काही हॉटेलांत खाली रात्रीचे क्लब असतात, पहाटेपर्यंत आवाज चालतो. तसलं हॉटेल आम्ही टाळतो. तुम्ही स्वतः बुकिंग करणार असाल तर आधी विचारून घ्या.

हॉटेलच्या बिलात पर्यटन दिरहम नावाची रक्कम वेगळी दिसेल. दर खोलीला दर रात्री ७ ते २० दिरहम, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे. ती खोलीमागे आहे, माणसामागे नाही. हॉटेलवाला ती तुमच्याकडूनच तिथे घेतो, आमच्या पावतीत ती धरलेली नसते.

मेट्रो

दुबई मेट्रो ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली. चालक नाही, गाडी आपोआप धावते, मुलांना अगदी पुढच्या काचेपाशी उभं करा. स्टेशनवर चंदेरी नोल कार्ड २५ दिरहमला मिळतं, त्यातले १९ प्रवासाला वापरता येतात. एका झोनमध्ये ३ दिरहम, शेजारच्या झोनपर्यंत ५, त्यापुढे कितीही लांब गेलात तरी साडेसात. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जात नाहीत.

डबे नीट बघून चढा. गुलाबी पट्टा असलेला भाग बायका-मुलांचा, सोनेरी रंगाचा भाग जास्त भाड्याचा. चिकोडीच्या एका काकांनी काकूंच्या मागोमाग गुलाबी पट्टा ओलांडला आणि १०० दिरहम दंड भरला. गाडीत खाणं-पिणं, च्युइंगमसुद्धा, तेवढ्याच दंडाचं काम. रविवारी मेट्रो सकाळी उशिरा सुरू होते, त्या दिवशी लवकरचं विमान असेल तर टॅक्सी धरा. आणि टर्मिनल २ ला मेट्रो नाही, टर्मिनल १ आणि ३ ला आहे. तिकीट हातात आल्यावर टर्मिनलचा आकडा आधी बघा.

डबा आणि खसखस

हे कृपया दोनदा वाचा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. आपल्या घरात ती इतकी सहज वापरतात की कुणाच्या लक्षातही येत नाही. अनारशाला लावलेली, लाडवात घातलेली, घरच्या मसाल्यात कुटलेली. गोकाकच्या करदंटातही बरेच जण घालतात. दुकानदाराला विचारा, शंका असेल तर तो डबा घरीच ठेवा. लेकीसाठी न्यायचंच असेल तर कुंदा न्या, घट्ट भाजलेला आणि नीट बांधून. रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनात ठेवा. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं परवानगीशिवाय चालत नाहीत, म्हणून खोकल्याच्या बाटलीवरची नावंही वाचा.

जेवणाची काळजी करू नका. बर दुबई आणि कराम्यात शाकाहारी थाळी, डोसा, वडापाव सगळं मिळतं. छोट्या कॅफेटेरियात कडक चहा एक-दोन दिरहमला. आपल्याकडचा दाट, वेलचीचा चहा आवडणाऱ्यांना तो पहिल्या घोटातच पटतो. रिकामी बाटली जवळ ठेवा, पिण्याचं पाणी मोफत भरून घेण्याचे नळ शहरात बऱ्याच ठिकाणी बसवले आहेत.

बुर्ज खलिफा

बघाच, ८२८ मीटरची इमारत आहे. पण खालून बघायला काही पडत नाही, आणि आमच्या मते ती खालूनच जास्त उंच वाटते. मॉलमधल्या मत्स्यालयाची मोठी काच बाहेरूनही दिसते. समुद्रासाठी काइट बीच मोफत.

एक दिवस अबुधाबीला द्या. अल घुबैबा बसस्थानकावरून ई-१०० ही सरकारी बस जाते, भाडं २५ दिरहम. शेख झायेद मशीद सगळ्यांना मोफत खुली आहे. बायकांनी डोकं झाकावं, पुरुषांनी अर्धी चड्डी घालू नये. १४ फेब्रुवारी २०२४ ला उघडलेलं स्वामीनारायण मंदिर महामार्गापासून आत आहे, बसने अवघड पडतं. चार-पाच जण असाल तर गाडी वाटून घ्या. सोमवारी मंदिर बंद असतं.

नोव्हेंबर ते मार्च सोडून आम्ही ज्येष्ठांना पाठवत नाही. उन्हाळ्यात तिकिटं स्वस्त असतात ती चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यामुळे.

आम्ही कशाचे पैसे घेतो

व्हिसा, विमान आणि खोली, एवढंच. साहसी सफारी, क्रूझ, मॉलफेरी आम्ही गळ्यात मारत नाही, हवी असेल तर सांगा, काढून देऊ. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. विमान मुंबई, बेंगळुरू की गोवा, हे त्या तारखेचे दर आणि इथून तिथवरचा खर्च मिळून ठरवतो. परदेशी सहलीच्या पॅकेजवर सरकारी नियमाने टीसीएस, म्हणजे आधीच गोळा केला जाणारा आयकर, घ्यावा लागतो. तो आमच्या खिशात जात नाही, आयकर विवरणपत्र भरताना तुमच्या नावावर जमा दिसतो.

निघण्याच्या आठवडाभर आधी कार्यालयात या, डब्यांची आणि औषधांची यादी घेऊन. यादी आम्ही तुमच्यासोबत बसून तपासतो. जाताना एक लहान पाकीट मिळेल, त्यात माणशी चार दिरहमची नाणी असतील. परत आलेले ग्राहक उरलेली नाणी आमच्याकडे ठेवून जातात, तीच आम्ही पुढच्यांना देतो. ती अब्रासाठी आहेत.