इस्क्येर्दो, मारिया

इस्क्येर्दो, मारिया : (३० ऑक्टोबर १९०२ – २ डिसेंबर १९५५). मेक्सिकन चित्रकर्ती. पूर्ण नाव मारिया सेनोबिया इस्क्येर्दो गुत्येर्रेस. जन्म हालिस्को राज्यातील सान हुआन दे लोस लागोस या तीर्थक्षेत्री. सर्कस, घोडे, उघडी कपाटे, घरगुती वेद्या आणि ओसाड भूमीवर मांडलेली फळे-मासे हे त्यांच्या चित्रांचे ठळक विषय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकल प्रदर्शन भरलेल्या पहिल्या मेक्सिकन चित्रकर्ती म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

जन्मवर्षाबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. जुन्या कोशांत आणि प्रदर्शनांच्या सूचिपत्रांत १९०६ हे साल आढळते. अलीकडचे अभ्यासक १९०२ धरतात. चौदाव्या वर्षी कुटुंबाने त्यांचा विवाह लष्करातील एका गृहस्थाशी करून दिला, यावर बहुतेक चरित्रकारांचे एकमत आहे. तसेच १९२३ च्या सुमारास मेक्सिको शहरात आल्या तेव्हा त्या तीन मुलांच्या आई होत्या, असेही सांगितले जाते. १९०६ हे साल मानले तर विवाह १९२० च्या आसपास जातो आणि पुढच्या तीन वर्षांतच सारे बसवावे लागते. ते अशक्य नाही, पण ओढूनताणून केल्यासारखे वाटते. १९०२ मानल्यास हा हिशेब सहज जमतो. प्रस्तुत नोंदीत म्हणून तेच साल घेतले आहे. मृत्यूची तारीखही काही ठिकाणी ३ डिसेंबर अशी दिलेली दिसते.

लहानपणीच वडील वारल्याने त्या आजी-आजोबांकडे वाढल्या. अग्वासकाल्येंतेस, तोर्रेऑन, साल्तिय्यो अशा उत्तरेकडील शहरांत कुटुंबाची भटकंती झाली. सान हुआनच्या कुमारीमातेच्या जत्रेत येणारे घोड्यांचे व्यापारी आणि फिरत्या सर्कशी पुढे चित्रांत उतरल्या, असे सर्वसाधारणपणे मानतात. मात्र त्यांच्या सर्कसचित्रांतील तंबू आणि कसरतपटू एकाच गावाच्या आठवणीतून आले असावेत असे मानण्याचे कारण नाही. अशा सर्कशी त्या काळी मेक्सिको शहरातही होत असत.

शिक्षण : जानेवारी १९२८ मध्ये त्यांनी सान कार्लोस अकादमी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय कलाशाळेत प्रवेश घेतला. हेर्मान गेदोव्हियस हे त्यांचे प्रमुख शिक्षक. त्यांनी इस्क्येर्दो यांना घरी राहून चित्रे रंगवण्याची मुभा दिली. मुले सांभाळणाऱ्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने ही सवलत मोलाची होती. ऑगस्ट १९२९ मध्ये प्रसिद्ध भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरा शाळेचे संचालक झाले. विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनातील मोजक्याच चित्रांची त्यांनी वाखाणणी केली आणि ती सारी इस्क्येर्दो यांची निघाली. त्यावर सहाध्यायांनी त्यांच्या अंगावर पाणी ओतून निषेध केला. स्त्री म्हणून जन्मणे हा गुन्हा, आणि अंगी गुण असणे हा त्याहून मोठा, अशा आशयाचे त्यांचे जे वाक्य वारंवार उद्‌धृत होते, ते या प्रसंगाशी जोडलेले आहे. हा सारा वृत्तांत मुख्यतः त्यांच्याच पुढील काळातील आठवणींवरून आलेला आहे, हे वाचताना ध्यानी ठेवावे. नोव्हेंबर १९२९ मध्ये राजधानीत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले व सूचिपत्राची प्रस्तावना रिव्हेरा यांनी लिहिली, याला मात्र स्वतंत्र पुरावा आहे. नोव्हेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या आर्ट सेंटरमध्ये त्यांची १४ तैलचित्रे मांडली गेली. आज अधिक प्रसिद्ध असलेल्या मेक्सिकन चित्रकर्ती फ्रीडा काहलो यांचे न्यूयॉर्कमधील एकल प्रदर्शन १९३८ चे, म्हणजे आठ वर्षांनंतरचे.

तामायो व ग्वाश : १९२९ ते १९३३ या काळात त्या आणि चित्रकार रुफिनो तामायो एकत्र राहत व एकाच कार्यशाळेत काम करत. जुन्या लेखनात त्यांना तामायोंची शिष्या म्हटले जाई. जलरंग आणि ग्वाश हाताळण्याची पद्धत त्यांनी तामायोंकडून उचलली, हे खरे दिसते. परंतु या चार वर्षांत दोघांच्याही चित्रांत तीच विटकरी व गेरूची छटा, तेच भरीव आखूड देह आणि तीच मुद्दाम वाकवलेली यथादर्शने (खोली व अंतर दाखवण्याची रीत) येतात. कोणते चित्र आधीचे हे ठरवणे पुष्कळदा कठीण असल्याने परस्परप्रभाव मानणे अधिक सयुक्तिक होय.

ग्वाश म्हणजे अपारदर्शक जलरंग. रंगद्रव्य बाभूळवर्गीय डिंकात घोटून त्यात पांढरी भर मिसळलेली असते. तो लवकर वाळतो, त्यामुळे आकार झटपट मांडावा लागतो. वाळल्यावर छटा बदलते : गडद रंग सहसा फिकट होतात, तर फिकट रंग किंचित गडद. वरचा हात ओल्या कुंचल्याने फिरवला की खालचा थर सुटून वर येतो आणि रंग मळतो. जाड थर दिल्यास कागद वाकताच पापुद्रे निघतात. इस्क्येर्दो यांच्या सर्कशीच्या लहान चित्रांत एका जागी क्वचितच दुसरा हात दिलेला दिसतो. घोड्याची पाठ, झोक्याची दोरी, रिंगणाची कड एका फटकाऱ्यात संपते. या चित्रांना बालसुलभ म्हणणाऱ्या समीक्षकांनी माध्यमाची ही अट लक्षात घेतलेली नाही.

फ्रेंच कवी व नाटककार आंतोनँ आर्तो १९३६ मध्ये मेक्सिकोत आले असता त्यांनी या जलरंगचित्रांविषयी लिहिले, काही चित्रे सोबत नेली आणि १९३७ च्या आरंभी पॅरिसमध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले. त्यांतील लाल रंगात आर्तोंना आदिम इंडियन (अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा) आत्मा दिसला. युरोपियन प्रवाशाला जे शोधायचे होते तेच सापडले, असा यावरचा आक्षेप रास्त वाटतो. अतिवास्तववादी हा शिक्काही इस्क्येर्दो यांनी स्वतः मिरवला नाही.

वेद्या, कपाटे व ‘जिवंत निसर्ग’ : १९४० नंतर त्या पुन्हा मोठ्या तैलचित्रांकडे वळल्या. झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारापूर्वीच्या) शुक्रवारी मेक्सिकन घरांत दुःखी मातेची, म्हणजे येशूची आई मेरी हिची, वेदी मांडतात; त्यांच्या वेदीचित्रांचा विषय हा. मध्यभागी मातेची तसबीर, दोन्ही बाजूंस पडदे, मेणबत्त्या, कातरकामाचा कागद, रंगीत पाण्याची काचपात्रे (मातेचे अश्रू), सोनेरी कागदाच्या चिमुकल्या पताका टोचलेली कडू संत्री आणि मातीच्या भांड्यात उगवलेला गहू, असे घटक असतात. गहू साधारण दोन आठवडे आधी पेरून अंधारात ठेवतात, म्हणजे अंकुर पिवळसर-पांढरे राहतात. उजेड लागला तर ते हिरवे होतात, आणि पाणी जास्त झाले तर बुरशी धरतात. इस्क्येर्दो यांच्या चित्रांतील फिकट गवताचा झुपका म्हणजे हाच गहू. परक्या समीक्षकांनी त्याला पुष्कळदा नुसते ‘रोप’ म्हटले आहे.

आलासेना (भिंतीतील उघडे कपाट) या चित्रांत फळ्यांवर खेळणी, मातीची भांडी, मिठाई मांडलेली असते. स्पॅनिशमध्ये वस्तुचित्राला ‘मृत निसर्ग’ अशा अर्थाची संज्ञा आहे. ती उलटवून त्यांनी आपल्या काही चित्रांना ‘जिवंत निसर्ग’ असे नाव दिले. शंख, लाल मासा, भोपळा, आव्होकादो अशा वस्तू टेबलावर न ठेवता उघड्या रानात, दाटलेल्या आभाळाखाली ठेवलेल्या असतात.

भित्तिचित्राचा वाद : फेब्रुवारी १९४५ मध्ये मेक्सिको शहराच्या प्रशासनाने, हावियर रोहो गोमेस प्रमुख असताना, सोकालो या शहराच्या मुख्य चौकालगतच्या आपल्या इमारतीतील जिन्यासाठी त्यांच्याशी करार केला. क्षेत्र १५४.८६ चौ. मी., मोबदला ३४,८४३.५० पेसो, म्हणजे चौरस मीटरला नेमके २२५ पेसो. विषय शहराचा इतिहास व विकास. त्याच्या जोडीला कलांची रूपके. आराखडे झाले, परांची व साहित्याची जुळवाजुळव झाली. मग रिव्हेरा आणि दुसरे नामांकित भित्तिचित्रकार दाव्हीद आल्फारो सिकेरोस यांनी, इस्क्येर्दो यांना फ्रेस्कोचा (ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवण्याचा) अनुभव नाही, असा प्रतिकूल अभिप्राय दिला आणि काम थांबले. त्याऐवजी शाळा किंवा बाजार यांसारख्या कमी महत्त्वाच्या इमारतीत रंगवावे, असे सुचवण्यात आले. त्यांनी ते नाकारले.

आक्षेपात तांत्रिक तथ्य किती, हे पाहण्यासाठी फ्रेस्कोची रीत ठाऊक असावी लागते. चुना दीर्घकाळ विरवून मुरवतात. भिंतीवर चुना व वाळू किंवा संगमरवरी भुकटी यांचे जाड थर देऊन शेवटचा पातळ गिलावा त्या दिवशी रंगवून संपेल एवढ्याच भागावर चढवतात. रंगद्रव्य फक्त पाण्यात खललेले असते. चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि रंग त्यात बांधला जातो. हाताशी काही तासच असतात. वेळ टळली तर रंग धरत नाही व हाताला भुकटी लागते. उरलेला गिलावा तिरका कापून टाकावा लागतो आणि दुसऱ्या दिवशीचा सांधा आकृतीच्या कडेवर लपवावा लागतो. चुना जास्त झाल्यास तडे जातात, भिंत ओली असल्यास क्षार फुटतात. प्रशियन निळा, शिशाचा पांढरा यांसारखे रंग चुन्यात टिकत नाहीत. माती व लोहाचे रंग टिकतात. हे सारे सरावाचे काम आहे, यात शंका नाही.

पण हा सराव रिव्हेरांनीही भिंतीवरच केला होता. शिक्षण मंत्रालयातील आरंभीच्या कामात त्यांनी पाण्यात निवडुंगाचा रस मिसळला. तो कुजून डाग उमटले आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला. शिवाय स्त्रियांना भिंती मिळतच नव्हत्या असेही नाही. औरोरा रेयेस यांनी १९३६ मध्ये एका शाळेत भित्तिचित्र केले होते, तर ग्रेस व मॅरियन ग्रीनवुड या अमेरिकन भगिनींनी राजधानीतील एका बाजारात. अडचण जागेची असावी : शाळा किंवा बाजार चालला असता, पण ज्या चौकात राष्ट्रीय राजवाड्याचा जिना रिव्हेरांनी रंगवला होता तेथेच सत्ताकेंद्राचा दुसरा जिना नको होता. इस्क्येर्दो यांनी वृत्तपत्रांतून भित्तिचित्रांतील ‘तीन थोरांची’ मक्तेदारी, असा आरोप उघडपणे केला (तिसरे होसे क्लेमेंते ओरोस्को, या प्रकरणात पुढे दिसतात ते पहिले दोघेच). १९४६ मध्ये त्यांनी ‘संगीत’ व ‘शोकांतिका’ हे दोन सुटे फ्रेस्को-फलक करून आपले कसब दाखवले. त्याने निर्णय फिरला नाही.

अखेरचा काळ : १९४७ मधील ‘स्वप्न आणि पूर्वसूचना’ या चित्रात त्या खिडकीतून आपलेच छिन्न मस्तक बाहेर धरून उभ्या आहेत, केस झाडाच्या फांद्यांत गुंतलेले आहेत. फेब्रुवारी १९४८ मध्ये पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली, आणि चित्र भाकीत ठरवले गेले. शीर्षकामुळे हा अर्थ सुचतो खरा. तथापि रंगवताना ताजे होते ते भिंत गेल्याचे दुःख. पुढे कष्टाने त्यांनी पुन्हा रंगवायला घेतले. या काळातील चित्रांवर अभ्यास थोडा झाला आहे. चिलीचे चित्रकार राउल उरिबे यांच्याशी १९४४ मध्ये झालेला त्यांचा विवाह १९५३ मध्ये संपुष्टात आला.

२००२ मध्ये मेक्सिकन सरकारने त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलास्मारकाचा दर्जा दिला. २०१२ मध्ये अस्थी राजधानीतील थोर व्यक्तींच्या स्मृतिस्थळी हलवण्यात आल्या. कलास्मारकाच्या दर्जामुळे देशातील त्यांची चित्रे कायमची परदेशी नेता येत नाहीत. प्रदर्शनासाठी तात्पुरती न्यायची तरी राष्ट्रीय ललितकला संस्थेची परवानगी लागते. त्यामुळे परदेशी लिलावांत येतात ती बहुतांशी पूर्वीच बाहेर गेलेली चित्रे असतात.