नाउरू करार

पश्चिम व मध्य पॅसिफिक महासागरातील बेटदेशांनी आपापल्या समुद्रातील टूना मासेमारीचे नियमन मिळून करण्यासाठी केलेला करार. फेब्रुवारी १९८२ मध्ये नाउरू येथे त्यावर सह्या झाल्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा सह्यांसाठी खुला होण्याच्या दहा महिने आधीच. मायक्रोनेशिया, किरिबाटी, मार्शल बेटे, नाउरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटे हे मूळ सात सदस्य. तुवालू १९९१ मध्ये आला. न्यूझीलंडच्या अखत्यारीतील टोकेलाऊ सदस्य नसला तरी कराराखालच्या योजनेत सहभागी आहे. जगातील निम्म्याहून अधिक टूना मध्य व पश्चिम पॅसिफिकमधून येतो आणि डबाबंद टूनात ज्याचा वापर सर्वाधिक होतो त्या स्किपजॅकची सर्वांत दाट वस्ती या आठ देशांच्या पाण्यात आहे.

या देशांची गोष्ट जमीन आणि पाणी यांच्या विषम प्रमाणापासून सुरू होते. किरिबाटीची एकूण जमीन ८११ चौ. किमी., बृहन्मुंबईहून जास्त. पण २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्राचा (ज्यातील माशांवर किनारी देशाचा हक्क असतो) हिशेब केला तर त्याच्या वाट्याला सुमारे ३५ लाख चौ. किमी. समुद्र येतो. भारताचे सारे भूक्षेत्रही त्यात मावेल. नाउरू तर अवघे २१ चौ. किमी. या देशांकडे एवढ्या मोठ्या समुद्रावर पहारा ठेवायला पुरेशा गस्ती नौका नव्हत्या आणि त्यातला मासा स्वतः पकडायला जहाजे नव्हती. त्यामुळे जपान, अमेरिका, तैवान, दक्षिण कोरिया यांची जहाजे येत, थोडे परवाना शुल्क भरत आणि मासा घेऊन जात. शुल्क वाढवायचे म्हटले की कंपनीचे उत्तर तयार असे: मग आम्ही शेजारच्या देशाकडे जातो. मासा फिरता असल्याने ही धमकी पोकळ नव्हती. पकडलेल्या माशाच्या किमतीच्या जेमतेम पाच-सहा टक्के रक्कम देशांच्या हाती पडे.

एकत्र येण्याची पहिली पायरी १९७९ मध्ये स्थापन झालेली पॅसिफिक बेटदेशांची फोरम मत्स्यसंस्था. तिचे मुख्यालय सॉलोमन बेटांवरील होनिआरा येथे आहे. परकीय जहाजांची सामाईक नोंदवही तिनेच सुरू केली. एका देशाच्या पाण्यात गुन्हा करून दंड चुकवणाऱ्या जहाजाचे नाव या वहीतून गेले की त्याला कुठल्याच सदस्यदेशाचा परवाना मिळत नसे. गस्ती नौकेपेक्षा ही वही जास्त कामाला आली, असे म्हटले तर वावगे ठरू नये. अमेरिकेची अडचण वेगळी होती. टूना हा दूरवर स्थलांतर करणारा मासा असल्याने त्यावर किनारी देशाचा हक्कच नाही, अशी तिची भूमिका होती. १९८४ मध्ये सॉलोमन बेटांनी ‘जनेट डायना’ हे अमेरिकी जहाज आपल्या हद्दीत मासेमारी करताना पकडून जप्त केले, तेव्हा अमेरिकेने उलट त्या देशाच्या माशांच्या आयातीवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी किरिबाटीने सोव्हिएत संघाशी मासेमारीचा करार केला आणि वॉशिंग्टनला जाग आली. १९८७ मध्ये पोर्ट मोर्झबी येथे अमेरिकेने बेटदेशांशी एकत्रित टूना करार करून पैसे द्यायचे मान्य केले.

नाउरू कराराच्या देशांचा पहिला मोठा उपाय मात्र फसला. १९९२ च्या पलाऊ व्यवस्थेने पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून तळाशी आवळायचे जाळे) जहाजांची संख्या २०५ वर गोठवली. कोकणात पारंपरिक मच्छीमारांच्या आंदोलनांमुळे ‘पर्ससीन’ हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. पॅसिफिकमधले त्याचे रूप मात्र अवाढव्य. साठ-सत्तर मीटर लांबीचे जहाज, दीड-दोन किलोमीटर लांबीचे जाळे आणि अनेक जहाजांवर मासा शोधायला हेलिकॉप्टर. जहाजे मोजायला लागल्यावर कंपन्यांनी संख्या पाळली आणि जहाजे मोठी केली.

म्हणून २००७ च्या अखेरीस जहाज-दिवस योजना आली. यात विकला जातो तो दिवस. वर्षाला सगळ्या देशांचे मिळून किती दिवस मासेमारी होऊ द्यायची ते ठरते (हा आकडा साधारण ४५ हजारांच्या आसपास असतो), मग त्याची देशवार वाटणी होते आणि प्रत्येक देश आपले दिवस कंपन्यांना विकतो. पन्नास मीटरपेक्षा लहान जहाजाचा दिवस अर्धा धरतात, ऐंशी मीटरपेक्षा मोठ्याचा दीड. टनांऐवजी दिवस मोजण्यात व्यवहारी शहाणपण आहे: भर समुद्रात जहाजाच्या पोटातला मासा मोजणे अवघड, पण उपग्रहावरून जहाज कुठे आहे ते दिसतेच. तरी वाद टळले नाहीत. जहाज हद्दीत असेल तर दिवस खर्ची पडतो. फक्त वाटेने जात होतो, इंजिन बिघडले होते, असे सिद्ध केले तर तो परत मिळतो. साहजिकच असे ‘बिनमासेमारीचे दिवस’ मागणाऱ्या अर्जांना तोटा नसे आणि त्यांची छाननी ही या योजनेतली कायमची डोकेदुखी झाली.

२०१२ मध्ये दिवसाची किमान किंमत ५,००० अमेरिकी डॉलर ठरली, २०१४ मध्ये ६,००० आणि २०१५ मध्ये ८,०००. शेजाऱ्याकडे जाण्याची धमकी आता चालेना, कारण शेजारीही त्याहून स्वस्त विकत नव्हता. आठ देशांचे मिळून उत्पन्न २०१० मधल्या सुमारे ६ कोटी डॉलरवरून दहा वर्षांच्या आत ५० कोटींच्या घरात गेले. किरिबाटीच्या सरकारी महसुलाचा निम्म्याहून मोठा भाग यातून येतो. अमेरिकी जहाजमालकांनी २०१६ साठी ठरलेली रक्कम परवडत नाही म्हणून हात वर केले, तेव्हा जानेवारीत त्यांना परवाने मिळाले नाहीत आणि नवा तोडगा निघेपर्यंत त्यांचा ताफा या पाण्याबाहेर राहिला. ‘जनेट डायना’च्या वेळी आयातबंदी सोसणाऱ्या देशांनी तीस वर्षांनी गाठलेला हा पल्ला.

कायद्याच्या दृष्टीने सर्वांत कल्पक भाग मात्र ‘खिशां’चा आहे. या देशांच्या हद्दींच्या मधोमध मुक्त समुद्राचे काही तुकडे उरतात. त्यांवर कोणाचीच सत्ता नाही, त्यामुळे तिथे बंदी घालायचा अधिकारही नाही. नाउरू कराराच्या २००८ च्या तिसऱ्या अंमलबजावणी व्यवस्थेने आडवळणाचा रस्ता काढला: आमच्या हद्दीत मासेमारी करायची असेल, तर त्या खिशांत करणार नाही असे कबूल करा, तरच परवाना. त्याच व्यवस्थेने प्रत्येक पर्ससीन जहाजावर निरीक्षक सक्तीचा केला आणि वर्षातले काही महिने तरंगत्या तराफ्यांभोवती जाळे टाकण्यास मनाई केली. या तराफ्यांखाली मासे जमतात, पण स्किपजॅकबरोबर बिगआय टूनाची पिल्लेही सापडतात. तराफ्याविना पकडलेल्या स्किपजॅकला डिसेंबर २०११ मध्ये शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले.

कराराचे कार्यालय २०१० पासून मार्शल बेटांवरील माजुरो येथे आहे. तिथल्या खारकच्छात पर्ससीन जहाजे नांगर टाकून उभी असतात आणि गोठवलेला स्किपजॅक क्रेनने मालवाहू जहाजांत चढतो. त्यातला बराचसा थायलंडच्या कारखान्यांकडे जातो. पर्ससीन जहाजांना भर समुद्रात माल बदलायला बंदी आहे, म्हणूनच ही वर्दळ बंदरात येते. डबाबंदीचे काम मात्र फारसे हाती आलेले नाही: पापुआ न्यू गिनीत माडांग व लाए आणि सॉलोमन बेटांवर नोरो येथे कारखाने आहेत, बाकीच्यांकडे पुरेशी जमीनही नाही आणि गोडे पाणीही. निरीक्षक बहुधा स्थानिक तरुण असतात. आठवडेच्या आठवडे परक्या भाषेच्या खलाशांत एकट्याने राहून त्यांच्याच चुका नोंदवायच्या, हे काम कागदावर दिसते त्याहून अवघड आहे. काही निरीक्षक समुद्रावरून परतलेच नाहीत.

एल निनोच्या वर्षी उबदार पाण्याबरोबर स्किपजॅक पूर्वेला, किरिबाटीकडे सरकतो. ला निनात तो पापुआ न्यू गिनीच्या बाजूला येतो. देशांना एकमेकांत दिवस हस्तांतरित करता येतात, त्यामुळे हा झोका आजवर निभावला आहे. तापमानवाढीचा कल मात्र एकाच दिशेने, पूर्वेकडे आहे. तिकडे किरिबाटीच्या हद्दीपलीकडे मुक्त समुद्र सुरू होतो, आणि तिथे गेलेल्या माशासाठी या देशांकडून दिवस विकत घ्यावा लागत नाही.