अंतर्गत हार्ड डिस्कची बाह्य जोडणी

कॅबिनेटच्या आत बसवण्यासाठी तयार केलेली उघडी हार्ड डिस्क आत न बसवता बाहेरूनच डेस्कटॉप संगणकाला जोडण्याची पद्धत. जुना संगणक बंद पडला पण त्यातली डिस्क शाबूत आहे, लॅपटॉपमध्ये एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाकल्यावर मूळची डिस्क उरली आहे, कॅबिनेटमध्ये जागा नाही, किंवा एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची आहे, अशा वेळी ही जोडणी करतात. यूएसबी केसिंग (डिस्क आत बसवण्याचा डबा), यूएसबी-साटा केबल (साटा म्हणजे डिस्क संगणकाला जोडण्याची आजची नेहमीची पद्धत), डॉक (डिस्क खोचण्याची खाच असलेला ठोकळा) आणि ईसाटा पोर्ट (साटाचीच कॅबिनेटबाहेरची जोडणी) हे त्याचे रूढ मार्ग आहेत. मार्ग कोणताही घेतला तरी दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात : डिस्कला वीज कुठून मिळणार आणि डिस्क व संगणक यांच्यामध्ये कोणती चिप बसणार. डिस्क दिसत नाही, मध्येच गायब होते, रिकामी दाखवते अशा बहुतेक तक्रारींचे मूळ या दोहोंपैकी एकात असते. दोष मात्र डिस्कला दिला जातो आणि चांगली डिस्क भंगारात जाते.

पूर्वपीठिका

‘एक्स्टर्नल’ म्हणून विकली जाणारी हार्ड डिस्क सहसा डब्यात घातलेली आतलीच डिस्क असते. हे अगदी सुरुवातीपासून चालत आले आहे. ॲपलने १९८१ मध्ये ‘ॲपल थ्री’साठी बाजारात आणलेल्या ‘प्रोफाइल’ या ५ मेगाबाइटच्या बाह्य डिस्कमध्ये सीगेटच्या एसटी-५०६ या डिस्कचीच यंत्रणा वापरलेली होती. पुढे मॅकिंटॉशवर स्कझी या तेव्हाच्या जोडणीच्या पोर्टातून बाह्य डिस्क जोडणे नित्याचे झाले. पीसीमध्ये मात्र आयडीई (साटाच्या आधीची जोडणी) डिस्क चपट्या पट्टीसारख्या रुंद केबलने आतच जोडलेली राहिली. ही केबल साधारण ४६ सेंटिमीटरपेक्षा लांब चालत नसे आणि संगणक चालू असताना ती काढता-घालता येत नसे. यूएसबी २.० (२०००) आणि साटा (२००३) आल्यावर हे चित्र बदलले. साटा केबल बारीक होती, चालू संगणकात डिस्क जोडण्याची सोय तिच्या मानकातच ठेवलेली होती आणि साटाला यूएसबीत बदलणाऱ्या चिपही लवकरच स्वस्त झाल्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत ‘केसिंग द्या’ म्हटले की ‘अडीच की साडेतीन?’ असा प्रश्न येतो. हा प्रश्न डिस्कच्या इंचांतल्या आकाराचा असला तरी त्याच्या उत्तरावर विजेची सगळी व्यवस्था अवलंबून असते.

वीज

लॅपटॉपमधली २.५ इंची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते. डेस्कटॉपमधल्या ३.५ इंची डिस्कला सर्किटसाठी ५ व्होल्ट आणि तबकड्या फिरवणाऱ्या मोटरसाठी १२ व्होल्ट असे दोन पुरवठे लागतात. साध्या यूएसबी पोर्टातून १२ व्होल्ट मिळतच नाहीत. म्हणून ३.५ इंची डिस्कच्या केसिंगला किंवा डॉकला स्वतंत्र अडॅप्टर असावाच लागतो. अडॅप्टर नसलेली यूएसबी-साटा केबल मोठ्या डिस्कला लावली की डिस्क फिरत नाही आणि माणूस ती मेली असे समजतो.

लहान डिस्कचा प्रश्न वेगळा. यूएसबी २.० पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९००. थांबलेल्या तबकड्यांना गती देताना २.५ इंची डिस्क काही क्षण १ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. वेग आला की तिची गरज बरीच खाली येते. हे सुरुवातीचे काही क्षण निभावण्यासाठीच जुन्या केसिंगबरोबर दोन यूएसबी तोंडे असलेली केबल मिळत असे. एका तोंडातून डेटा आणि वीज, दुसऱ्यातून नुसती वीज. डेस्कटॉपला जोडताना कॅबिनेटच्या मागचे पोर्ट वापरावेत, कारण ते थेट मदरबोर्डवर असतात. पुढच्या पोर्टांपर्यंत आतून वायर ओढलेली असते, त्यात व्होल्टेज थोडे पडते आणि स्वस्त कॅबिनेटमध्ये ते पडणे डिस्कला पुरेसे त्रासदायक ठरते.

३.५ इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या बाजूने दीड ते दोन अँपिअर मागते. त्यामुळे अशा केसिंगचा अडॅप्टर किमान १२ व्होल्ट, २ अँपिअरचा असतो. तो हरवला की घरातला वायफाय राउटरचा अडॅप्टर लावून पाहिला जातो. त्यावरही १२ व्होल्टच लिहिलेले असते आणि पिनही बसते, पण अनेक राउटरचे अडॅप्टर अर्ध्या किंवा एक अँपिअरचेच असतात. मग डिस्क घरघरत वेग घेऊ लागते, टक् असा आवाज होतो, ती थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हा आवाज आतला हेड (तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग) बिघडल्यासारखाच ऐकू येतो, म्हणून निदान करण्याआधी अडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा वाचावा.

लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावणे त्याहून वाईट. जास्त व्होल्टेज आल्यास डिस्कच्या सर्किट बोर्डावरचा संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होतो आणि पुढची चिप वाचवतो. डिस्क त्यानंतर मुळीच फिरत नाही, पण आतला डेटा बहुधा सुखरूप असतो आणि जाणकार कारागीर तो डायोड काढून डिस्क पुन्हा चालू करू शकतो. सर्किट बोर्डच बदलायचा झाला, तर त्यावरची त्या डिस्कपुरती जुळणी नोंदलेली चिप नव्या बोर्डावर हलवावी लागते. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड नुसता स्क्रूने बसवून आधुनिक डिस्क सहसा चालत नाही.

मधली चिप

यूएसबीने जोडलेल्या डिस्कशी संगणक थेट बोलत नाही. केसिंगमधली किंवा केबलच्या जाड टोकातली ब्रिज चिप दुभाष्याचे काम करते : संगणकाकडून यूएसबीवर आलेल्या आज्ञा ती साटाच्या आज्ञांमध्ये बदलते आणि डिस्कचे उत्तर उलट दिशेने पोचवते. जेमायक्रॉन आणि एएसमीडिया या कंपन्यांच्या चिप त्यात फार आढळतात. केसिंगच्या खोक्यावर चिपचे नाव क्वचितच असते, तरी जोडणीचा दर्जा डब्याच्या ॲल्युमिनियमपेक्षा या चिपवर जास्त अवलंबून असतो.

वेगाचा हिशोब सरळ आहे. यूएसबी २.० चा जाहीर वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, पण फाइली प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच्या वेगाने जातात. ३५ च्या वेगाने १ टेराबाइट उतरवायला सुमारे आठ तास लागतात. तेच काम यूएसबी ३.० वर, डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट देत असेल तर, दोन तासांच्या आत होते. फिरत्या डिस्कला यूएसबी ३.० चा ५ गिगाबिटचा वेग पुरून उरतो, त्याहून महागडे केसिंग घेऊन काही मिळत नाही. साटा एसएसडी जोडायची असेल तर मात्र यूएएसपी ही पद्धत समजणारी चिप घ्यावी. जुन्या पद्धतीत एक आज्ञा पूर्ण झाल्यावरच दुसरी पाठवता येते, तर यूएएसपीत अनेक आज्ञा रांगेत ठेवता येतात. विंडोजमध्ये ८ व्या आवृत्तीपासून तिची सोय आहे.

क्षमतेच्या बाबतीत मधली चिप खरा गोंधळ घालते. ५१२ बाइटचे सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) ३२ बिटी आकड्यांनी मोजले की २.२ टेराबाइटला मोजणी संपते. जुन्या चिपना ही मर्यादा ओलांडता येत नाही. अशा केसिंगमध्ये ३ टेराबाइटची डिस्क घातली की ती ७४६ गिगाबाइटची दिसते, कारण मोजणी संपल्यावर उरलेला भागच पुढे येतो. हा ७४६ चा आकडा दिसला तर डिस्क बदलायला जाऊ नये, केसिंग बदलावे.

काही चिप यावर वेगळी युक्ती करतात. मोठी डिस्क विंडोज एक्सपीसारख्या जुन्या प्रणालीतही पूर्ण दिसावी म्हणून त्या संगणकाला ४,०९६ बाइटचे सेक्टर असल्याचे सांगतात. केसिंगमध्ये फॉरमॅट केलेली अशी डिस्क पुढे मदरबोर्डला थेट लावली की तिथे सेक्टर ५१२ बाइटचे मोजले जातात, पार्टिशनचा (डिस्कवर आखलेल्या भागाचा) पत्ता चुकतो आणि विंडोज डिस्क फॉरमॅट करायला सांगते. तिथे ‘कॅन्सल’ म्हणावे. डेटा जागेवरच असतो आणि डिस्क त्याच केसिंगमध्ये परत घातली की दिसू लागतो. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक मालिकेतल्या काही मॉडेलांत तर मधली चिप सगळा डेटा सांकेतिक करूनच डिस्कवर लिहिते, वापरणाऱ्याने पासवर्ड ठेवलेला नसला तरीही. तिथली डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये घातल्यास अर्थहीन बाइटच मिळतात.

थेट साटा आणि ईसाटा

मधली चिप टाळायची तर डिस्क साटा केबलनेच जोडावी. कॅबिनेटची बाजूची पत्री काढून आतली डेटा केबल आणि एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याची) पॉवर केबल बाहेर ओढायची, डिस्क शेजारी ठेवायची, हा दुरुस्ती करणाऱ्यांचा नेहमीचा मार्ग आहे आणि तासाभराच्या कामासाठी तो उत्तम आहे. डेटाच्या जोडणीत ७ पिना असतात, विजेच्या जोडणीत १५, आणि दोन्हींची खाच इंग्रजी एल अक्षरासारखी असल्याने त्या उलट्या बसत नाहीत. चालू संगणकाला डिस्क लावायची असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) साटाचा मोड एएचसीआय हवा आणि त्या पोर्टासाठी हॉट प्लग (चालू संगणकात डिस्क जोडण्याची सोय) चालू असावे. खात्री नसेल तर संगणक बंद करूनच जोडावी. आयडीई डिस्कच्या बाबतीत तर दुसरा पर्यायच नाही.

ही जोडणी रोजची करू नये. साटाची आतली केबल सुमारे ५० वेळा काढण्या-घालण्यासाठी बनवलेली असते. ईसाटाचे जोड ५,००० वेळांसाठी असतात, केबल एक मीटरऐवजी दोन मीटरपर्यंत चालते आणि बाहेरच्या ढवळाढवळीत टिकावा म्हणून सिग्नलही थोडा जोरकस ठेवलेला असतो. ईसाटाच्या केबलमधून वीज मात्र येत नाही. यूएसबी ३.० आल्यावर ईसाटा मागे पडला आणि नव्या मदरबोर्डांवर तो जवळजवळ दिसत नाही. डिस्का वारंवार बदलणाऱ्याला आज कॅबिनेटच्या सीडी ड्राइव्हच्या जागी बसणारा मोबाइल रॅक अधिक सोयीचा पडतो. पुढून डिस्क सरकवली की आतल्या आत ती थेट साटाशी जोडली जाते.

पॉवर केबल कमी पडली की मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या पॉवर जोडापासून साटा करणारा तुकडा लावतात. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या अशा तुकड्यांत आत वायरी एकमेकींना टेकून ते जळण्याचे प्रकार होतात. वायरी वरून दाबून बसवलेला, मागचे झाकण उघडता येणारा तुकडा घ्यावा. आणखी एक खोच नव्या, मोठ्या डिस्कांत आहे : त्यांच्या पॉवर जोडणीतल्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते. डेटा सेंटरमध्ये दुरून डिस्क बंद करण्यासाठी ही सोय केलेली आहे. घरच्या जुन्या एसएमपीएसवर त्या पिनेला ३.३ व्होल्ट सतत मिळतात, म्हणून नवी डिस्क फिरतच नाही. त्या पिनेवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहू देणाऱ्या चिकटपट्टीची) बारीक पट्टी लावली की ती चालू होते.

सर्व्हरमधून निघालेल्या एसएएस (सर्व्हरसाठीची वेगळी जोडणी) डिस्क दिसायला साटासारख्याच असतात, पण त्यांच्या दोन जोडण्यांमधली फट भरलेली असते. त्या कुठल्याही साध्या यूएसबी-साटा केसिंगमध्ये चालत नाहीत. एम.२ प्रकारच्या (लहान पट्टीसारख्या) एसएसडीतही साटा आणि एनव्हीएमई (साटाहून वेगवान पद्धत) असे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे केसिंग वेगवेगळे असते. दोन्ही चालवणारी चिप असेल तरच एकात दोन्ही बसतात.

संगणकावर काय दिसते

जोडलेली डिस्क ‘धिस पीसी’मध्ये नसेल तर विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट उघडावे. तिथे ‘ऑफलाइन’ दिसल्यास डिस्क बहुधा आतल्याच डिस्कची हुबेहूब प्रत असते आणि दोघींची ओळखसंख्या एक असल्याने विंडोजने तिला बाजूला ठेवलेले असते. ‘फॉरेन’ दिसल्यास ती दुसऱ्या विंडोज संगणकात डायनॅमिक डिस्क (विंडोजची एक खास विभागणी) म्हणून वापरलेली असते. लिनक्स किंवा मॅकच्या स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क विंडोज आपणहून वाचू शकत नाही आणि अशा डिस्कसाठीही तोच फॉरमॅटचा प्रश्न विचारते. जुन्या विंडोजमधल्या वापरकर्त्याचे फोल्डर उघडताना परवानगी नाकारली गेली तर ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून त्या फोल्डरची मालकी घ्यावी लागते. बिटलॉकर (विंडोजची डेटा सांकेतिक करण्याची सोय) लावलेल्या डिस्कला सहसा रिकव्हरी की लागते, जुना संगणक टाकून देण्यापूर्वी ती लिहून ठेवलेली असावी.

विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाह्य डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ (न सांगता डिस्क काढली तरी डेटा शाबूत राहावा अशी मांडणी) हे धोरण आपोआप लागू असते. तरीही फिरती डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढावी. अचानक वीज गेली की तबकड्यांच्या उरलेल्या गतीतून मिळणाऱ्या विजेवर हेड घाईने जागेवर नेला जातो, आणि अशा घाईची डिस्कला थोडीशीच मुभा असते. वीज काढल्यावरही तबकड्या काही सेकंद फिरत राहतात, तेवढा वेळ डिस्क उचलू नये.

ठेवण्याची जागा

उघडी डिस्क कोरड्या पुठ्ठ्यावर किंवा लाकडावर ठेवावी, कॅबिनेटच्या पत्र्यावर नाही. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवी साठवणीसाठी चांगली, पण चालू डिस्कखाली ती अंथरू नये, कारण तिच्यात धातूचा थर असतो. डिस्कवरचे श्वासछिद्र झाकू नये. हेलियम भरलेल्या बंदिस्त डिस्कना असे छिद्र नसते. पंखा नसलेल्या प्लास्टिकच्या केसिंगमध्ये कित्येक तास कॉपी चालली की ३.५ इंची डिस्क खूप तापते. बहुतेक उत्पादक ६० अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा देतात. पावसाळ्यात कोकणपट्टीवर एसी खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आणलेल्या डिस्कवर ओल धरते, ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत वीज देऊ नये.

आजारी डिस्क

ज्या डिस्कचे सेक्टर खराब होत आहेत तिला यूएसबी केसिंगमध्ये घालून एकेक फाइल ओढत बसणे हानिकारक असते. वाचताना अडकलेल्या डिस्कची वाट पाहून मधली चिप जोडणी तोडते, विंडोज पुन्हा जोडते, आणि प्रत्येक फेरीत हेड त्याच खराब जागेवर घासाघीस करतो. डिस्क आधी स्मार्ट अहवालातून (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीतून) तपासावी. अनेक केसिंग तो अहवाल पुढे पाठवतात, काही पाठवत नाहीत. खराब सेक्टर दिसत असतील तर डिस्क थेट साटावर लावून लिनक्समधील डीडीरेस्क्यूने दुसऱ्या निरोगी डिस्कवर तिची पूर्ण प्रत काढावी. हा प्रोग्राम आधी चांगला भाग उतरवून घेतो आणि खराब भागाकडे शेवटी वळतो, शिवाय कुठवर पोचला याची नोंद ठेवतो, त्यामुळे काम मध्येच थांबवून पुढे नेता येते. एका बटणावर प्रत काढणाऱ्या डॉकमध्ये असे करू नये. तिथे मूळ आणि रिकाम्या डिस्कची खाच अदलाबदल झाली तर रिकामी डिस्कच मूळ डिस्कवर उतरते. अडॅप्टर योग्य असूनही टक्-टक् आवाज येत असेल तर वीज लगेच बंद करून डिस्क डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे द्यावी.