तीन हजार हर्ट्झवरचा डोंगर

गेल्या आठवड्यात मिरजेच्या मित्राचा फोन. नवीन मॉनिटरिंग हेडफोन घेतलाय पण पीस खराब दिसतोय, परत पाठवतो म्हणाला. झालं काय, तर त्यानं नेटवर त्या मॉडेलचा, कुठल्या हर्ट्झला किती आवाज येतो तो ग्राफ बघितला, तीन हजार हर्ट्झपाशी हा एवढा डोंगर, आणि खोक्यावर मात्र 'फ्लॅट साउंड' छापलेलं. पठ्ठ्यानं इक्वलायझर, म्हणजे ठराविक हर्ट्झचा आवाज कमी-जास्त करायचं साधन, लावून डोंगर सपाट पण करून टाकला, आणि मग स्वतः रेकॉर्ड केलेला तंबोरा रजईतून ऐकल्यासारखा वाटायला लागला, तर त्याचंही खापर हेडफोनवरच.

आता गंमत अशी आहे की तो डोंगर हेडफोनचा कमी आणि कानाचा जास्त आहे.

स्पीकर मोजताना समोर मोकळ्या हवेत माईक ठेवतात. हेडफोनला ते चालत नाही, तो कानावरच बसवायला लागतो, म्हणून नकली कान बनवतात आणि माईक कानाच्या पडद्याच्या जागी ठेवतात. म्हणजे ग्राफमध्ये हेडफोन अधिक कान अशी बेरीज येते.

आणि कान काय करतो? पेनाचं टोपण घ्या, ओठाशी धरून कडेवरून फुंका, शिट्टी वाजते. कानाची नळी म्हणजे तसलंच टोपण, एका बाजूनं उघडी, दुसऱ्या बाजूला पडदा, लांबी साधारण अडीच सेंटीमीटर. अशा नळीत ज्या लाटेचा चौथा हिस्सा बरोब्बर मावतो ती लाट दणकून घुमते. अडीचच्या चौपट दहा सेंटीमीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर भागाकार ३४०० हर्ट्झ. प्रत्यक्षात नळीच्या तोंडाबाहेरची थोडी हवा पण सोबत हलते म्हणून नळी जरा लांब असल्यासारखी वागते, शिवाय कानाच्या पाळीची वाटी आपलं काहीतरी मिसळते, त्यामुळं शिखर २७०० ते ३००० च्या आसपास येतं आणि तिथं आवाज १० ते १५ डेसिबलनं वाढतो. जन्मापासून आपण जग असंच ऐकतोय, मेंदूनं हा डोंगर कधीच हिशोबात धरलाय. तो कापला की मेंदूला वाटतं कुणीतरी मधे गोधडी टाकली.

तंबोऱ्याला तर हे फारच लागतं. समजा काळी एकचा सा आहे, जोडाच्या तारा, म्हणजे मधल्या एकाच सुरात लावलेल्या दोन तारा, १३८.६ हर्ट्झला. दोन तारांत ०.१ हर्ट्झचा फरक राहिला तर मूळ सुरात दहा सेकंदाला एक हेलकावा येईल, कुणाला कळणार? पण तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट असे वरचे सूरही निघतात, ते स्वरांश, आणि विसाव्या स्वरांशात तोच फरक वीसपट, म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे, आणि तो स्वरांश पडतो २७७२ हर्ट्झला, नेमका कानाच्या डोंगरावर! हे वरचे स्वरांश एवढे ठसठशीत कशामुळं, तर जवारीमुळं, म्हणजे घोडीच्या माथ्याला तार घासत राहील अशी दिलेली घडण. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवलं की तार जिथं छेडल्यावर एखादा स्वरांश नियमानं गायब व्हायला हवा तिथंही तंबोऱ्यात तो घुमतो, कारण घोडीचा रुंद माथा आणि त्यावर तारेखाली सरकवलेला दोरा. मिरजेच्या सतारमेकरांचे हात जवारी काढताना याच पट्ट्यात काम करत असतात, हर्ट्झ वगैरे न मोजता.

डोंगराची दुसरी बाजू पण आहे. गणपतीत डॉल्बीच्या भिंतीपुढं नाचलेल्यांच्या श्रवण तपासणीत खड्डा, म्हणजे ऐकू कमी येणारी जागा, बहुतेक ४००० हर्ट्झच्या आसपास सापडतो, त्याचं एक कारण हीच नळी, आत जाता जाता तिथलाच आवाज फुगवते. ते नुकसान भरून काढणारा हेडफोन अजून निघालेला नाही. आणि '४० किलोहर्ट्झपर्यंत' असले स्टिकर बघून जास्त पैसे मोजू नका, माणसाला वीसच्या वर ऐकू येत नाही, चाळिशीत पंधरा आलं तरी नशीब. पन्नास तास गाणी वाजवून हेडफोन 'मुरवा' म्हणणारे पण भेटतील, जसं काय लोणचंच.

घ्यायचा कुठला? घरी माईकसमोर गायचं असेल तर बंद पाठीचा, नाहीतर मेट्रोनोमची टिकटिक रेकॉर्डिंगमध्ये उतरते. नुसतं मिक्सिंग असेल तर उघड्या पाठीचा, आवाज मोकळा लागतो. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून चालू आहे, त्यात काहीतरी असणारच. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये (विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) मिळतो, २५० वाला मोबाईलला लावला तर आवाज पुरत नाही, त्याला चांगला इंटरफेस, म्हणजे माईक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडायचा डबा, लागतो. आकडा मोठा म्हणजे माल भारी असं काही नाही.

मित्रानं शेवटी इक्वलायझर काढला. रात्री परत फोन, जोडाची एक तार उतरलीय रे, सगळं रेकॉर्डिंग परत करायला लागणार.